स्नोब्लोअरच्या धुराड्याला निसरडं प्लास्टिक: चिकटवलं, उडालं, आता पुढे?

खटपट्या

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण सांगायला वेळ लागेल.

मशीन म्हणजे बर्फ उडवून वाट साफ करणारा स्नोब्लोअर, दोन टप्प्यांचा. समोरचा मळसूत्री ऑगर बर्फ मधोमध ओढतो, मागचा इंपेलर तो वर भिरकावतो आणि वळत्या नळकांड्यातून बर्फ बाहेर पडतो. त्या नळकांड्याला शूट म्हणतात. मराठी वाक्यात तो शब्द आला की कुणीतरी गोळी झाडल्यासारखं वाटतं, म्हणून मी धुराडं म्हणणार.

कोरड्या, भुसभुशीत बर्फात तक्रार शून्य. पण तापमान शून्याच्या आसपास आलं आणि ओला, जड बर्फ पडला की दर दहा पावलांना धुराडं तुंबतं. इंजिन बंद, काठीने खरवड, चालू, पुन्हा दहा पावलं. आधी सिलिकॉनचा स्प्रे मारून पाहिला. दोन-तीन फेऱ्या झकास, मग पूर्ववत.

शेवटी यूएचएमडब्ल्यू पॉलिएथिलीनची (फार लांब रेणूंचं, निसरडं प्लास्टिक) ३ मिमी जाडीची शीट आणली. हाताला मेणासारखी लागते. धुराड्याचा आतला पत्रा घासला, दोन भागांचं इपॉक्सी फासलं, क्लॅम्प लावून दोन दिवस तसंच ठेवलं. दगडासारखं बसलं होतं. पहिल्या मोठ्या बर्फात दुसऱ्याच फेरीला ती शीट जिभेसारखी बाहेर लोंबायला लागली आणि तिसऱ्या फेरीला कुंपणापलीकडे. गंमत म्हणजे इपॉक्सी सगळं पत्र्यावर शाबूत आणि शीटची पाठ धुतल्यासारखी स्वच्छ.

दुसरा कुठला गोंद आहे का, की सरळ बोल्ट मारू? आणि हात घातलाच आहे तर इंपेलरच्या ड्रमलाही, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या गोल डब्यालाही, आतून शीट लावून टाकू का?

अर्धा_पाना

कुंपणापलीकडे गेली म्हणजे निसरडी होती हे तर सिद्ध झालं! :)

पॉलिमरपंत

खटपट्या, तुमच्या इपॉक्सीची काही चूक नाही. ज्या गुणासाठी तुम्ही शीट आणली त्याच गुणाने ती निघाली. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा फार कमी असते, साधारण ३१ मिलिन्यूटन प्रति मीटर. इपॉक्सीची त्याहून बरीच जास्त. त्यामुळे मेणकापडावर पाण्याचे थेंब जमतात तसा गोंद त्यावर पसरतच नाही, नुसता बसून राहतो. बर्फातलं पाणी त्याला धरत नाही, तसाच गोंदही धरत नाही. एका बाजूला चिकट आणि दुसऱ्या बाजूला निसरडी असा स्वभाव या शीटला जन्मजात नाही. तो मुद्दाम करावा लागतो.

म्हणून पाठीला गोंद लावलेल्या ज्या पातळ पट्ट्या तयार मिळतात, त्यांची एक बाजू आधी प्रक्रिया करून खरखरीत आणि 'ओली होणारी' केलेली असते. घरी ज्योतीचा झोत भरभर फिरवूनही थोडं जमतं, पण ते कौशल्याचं काम आहे. झोत जरा रेंगाळला तर शीट वाकडी, भरभर गेला तर परिणाम शून्य. पॉलिएथिलीनसाठी खास अॅक्रिलिक गोंदही असतात. पण धुराड्यात गोंदाला फक्त वजन पेलायचं नसतं. खालून येणारा बर्फ शीटच्या कडेत नखासारखा शिरतो आणि सोलायला बघतो. ओढ सहन करणारे गोंद पुष्कळ आहेत, सोलणं सहन करणारे थोडे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि बोल्ट मारलेत तरी ती सुटत नाही. हे प्लास्टिक थंडीत खूप आकसतं. दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.१५ ते ०.२ मिमी. पोलाद आकसतं ०.०१२ मिमी. तुमची शीट ४० सेंमी लांब धरा. गराजमध्ये २० अंशांना बसवली आणि उणे २० ला वापरली, तर ती अडीच-तीन मिमी आकसणार आणि मागचा पत्रा जेमतेम ०.२ मिमी. आता धुराडं आतून पोकळ, खोलगट. खोलगट भिंतीवर आतून ताणलेली दोरी आठवा: आखडली की ती भिंत सोडून सरळ होते. शीटचंही तेच. दोन्ही टोकं घट्ट जखडलीत तर थंडीत मधला भाग पत्र्यापासून उठणार आणि बर्फाला आत शिरायला जागा मिळणार.

अवांतर: इथे कुणी लगेच टेफ्लॉन सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. टेफ्लॉनचा घर्षणांक याहूनही कमी, पण ते मऊ आहे, रगडलं की झिजतं. हा धडा वैद्यकशास्त्राने जबर किंमत देऊन घेतला आहे. इंग्लंडमधले शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. ती काही वर्षांतच झिजली आणि रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. १९६२ साली ते पॉलिएथिलीनच्या याच जातीकडे वळले आणि ते टिकलं. याच्या रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब, रेणुभार तीस लाखांच्या पुढे. त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की सहजी निसटत नाहीत, म्हणून झीज कमी.

बर्फगाडी

स्कीचा तळही याच प्लास्टिकचा असतो. वर त्याला मेण लावावं लागतं, ते वेगळं. ओल्या बर्फात पाण्याचा पातळ थर तळाला चोखून धरतो, म्हणून. म्हणजे शीट लावली की काम शंभर टक्के झालं असं समजू नका.

शेवटचा_आटा

पंतांनी शास्त्र सांगितलं, मी हात काळे करणाऱ्यांची बाजू सांगतो. गेली चार वर्षं माझ्या धुराड्यात शीट आहे, एकदाही उडाली नाही. त्याआधी दोनदा उडाली, ते सोडा.

आधी पुठ्ठ्याचा साचा करा. धुराडं वरून रुंद, खालून अरुंद, त्यात मागे झुकलेलं. मापं घेऊन कागदावर काढायला गेलात तर हमखास चुकतं. पातळ पुठ्ठा आत दाबून बसवा, कडा पेनाने गिरवा, बाहेर काढून सपाट करा. हा तुमचा साचा. शीट त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी कमी कापा.

कापायला जिगसॉ, मोठ्या दातांचं पातं आणि बेताचा वेग. बारीक दाताचं पातं जोरात चालवलं की प्लास्टिक वितळतं आणि कापलेली फट मागे पुन्हा चिकटत येते. अॅक्रिलिकसारखी चीर पाडून मोडायला जाऊ नका, ही शीट मोडत नाही, नुसती तुमच्याकडे बघत राहते. हीट गनने आकार द्यायच्या फंदातही पडू नका. तापवून वाकवली तरी बरीचशी परत सरळ येते, आणि जास्त तापली की अर्धपारदर्शक होऊन रबरासारखी होते. ३ मिमीची शीट हातानेच गोल वाकवून बसवा. तिची सरळ व्हायची ओढच तिला भिंतीला दाबून धरते.

आता बोल्ट. सगळ्यांना वाटतं की डोकं आत बुडवावं, म्हणजे बर्फ अडणार नाही. पण ३ मिमीत काउंटरसंक केलं तर डोक्याखाली कागदाएवढं प्लास्टिक उरतं, आणि पंत म्हणतात तसं आकसताना ते डोकं आरपार निघून येतं. माझं दुसरं उड्डाण असंच झालं. रुंद, चपट्या गोल डोक्याचे स्टेनलेस बोल्ट घ्या. डोकं आत, बाहेरून मोठं वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आपोआप सैल न होणारा.

आणि मुख्य गोष्ट: खालची ओळ घट्ट, वरची सैल. बर्फ खालून येतो, म्हणून खालची कड जराही उचलता कामा नये. तिथे कडेपासून दीड-दोन सेंमीवर तीन-चार बोल्ट. मधल्या बोल्टचं भोक नेमकं, बाजूच्यांची भोकं आडवी लांबट. वर दोनच बोल्ट पुरतात, त्यांची भोकं उभी लांबट, आणि नट टेकेपर्यंत आवळून पाव फेरा उलटा. म्हणजे शीट वरच्या दिशेने हवी तेवढी आकसू दे, फुगू दे. वरची कड मोकळी राहिली तर बिघडत नाही, कारण बर्फ तिथून बाहेर पडत असतो, आत शिरत नसतो.

खालच्या कडेला रंध्याने उतार द्या. ३ मिमीची उभी पायरी ठेवलीत तर तुंबण्याची नवी जागा तुम्हीच तयार केलीत असं समजा. आणि सगळं झालं की धुराडं डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून बघा. बाहेर आलेली बोल्टची शेपटी कॉलरला किंवा फिरवायच्या दात्यांना अडकते. मला हे अंधारात, भर बर्फात कळलं.

खटपट्या

दंडवत घ्या दोघांनीही. मी नेमकं उलटं करणार होतो, वर घट्ट आणि खाली सैल. डोक्यात चित्र होतं पडद्याचं: वर अडकवला की खाली आपोआप सरळ लोंबतो.

आणि ड्रमचं काय?

जुनं_इंजिन

ड्रमच्या वाटेला जाऊ नका. साधा हिशोब करा: ३० सेंमी व्यासाचा इंपेलर मिनिटाला हजार फेरे घेतो असं धरलं, तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे १६ मीटर वेगाने जातं. ड्रम आणि पातं यांच्यात फट असते काही मिलिमीटरची. त्यात ३ मिमीची शीट घुसवायची, ती थंडीत भिंत सोडून उठणार, आणि पातं तिची कड पकडणार. धुराड्यातली शीट निघाली तर बाहेर उडते. ड्रममधली निघाली तर आत गुंडाळते. ऑगरला अडथळा आला तर मोडण्यासाठी मुद्दाम कच्चे ठेवलेले शिअर बोल्ट असतात, इंपेलरला सहसा तसं संरक्षण नसतं. जे काही व्हायचं ते पट्टा, गिअर आणि पाती यांनाच होणार.

तुमच्या मशीनमध्ये फट मोठी असेल तर इलाज उलट्या बाजूने करतात. इंपेलरच्या पात्यांना कापडाचे थर असलेल्या जाड रबराच्या पट्ट्या बोल्टने लावायच्या, त्या भिंतीला जेमतेम घासतील अशा. मग ओला बर्फ मागे राहून ड्रममध्येच गरगरत बसत नाही, सगळा वर जातो. पट्ट्या मात्र समोरासमोरच्या पात्यांवर जोडीने आणि सारख्या वजनाच्या, नाहीतर मशीन थरथरायला लागेल.

त्याआधी एक तपासा. तुंबायच्या वेळी इंजिनाचा आवाज दबतो का? दबत असेल तर बर्फ जास्त जातोय. आवाज मजेत चालू आणि फेक मात्र केविलवाणी, तर पट्टा घसरतोय. घसरत्या पट्ट्यावर जगातली कुठलीही शीट लावून उपयोग नाही. माझ्या ओळखीच्या एकाने धुराड्यात शीट, वर ग्राफाइटचा रंग, त्यावर मेण, सगळं केलं. शेवटी पट्टा बदलला आणि सगळं सुरळीत झालं. तो अजून सांगतो की शीटमुळे झालं.

घोंगडी

मला एक विचारायचंय. मशीन उबदार गराजमध्ये ठेवता का हो? आमचं धुराडं पहिल्या पाच मिनिटांतच तुंबायचं, नंतर नाही. मग लक्षात आलं की पत्रा ऊबदार असतो, पहिला बर्फ त्याला लागून वितळतो आणि मागून येणाऱ्या गार बर्फाने तिथेच गोठतो. झाला तळ तयार, त्यावर पुढचा थर चढतो. आता काम सुरू करायच्या अर्धा तास आधी मशीन बाहेर काढून ठेवतो. पत्रा बाहेरच्या हवेइतका गार झाला की कोरडा बर्फ मुळीच चिकटत नाही. ओल्या बर्फाला याचा फारसा उपयोग नाही, हे कबूल.

खटपट्या

उबदारच ठेवतो. हे कधी सुचलंच नाही. आणि पंचाईत अशी की आवाज दबतो की नाही ते आता आठवत नाही, कारण मी तुंबल्यावर आधी शिव्या घालतो, मग ऐकतो.

निळी_टोपी

खटपट्या, पहिल्या पोस्टमध्ये 'इंजिन बंद, काठीने' असं लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद. मी रुग्णालयात काम करते. ओल्या बर्फाच्या दुसऱ्या दिवशी बोटं गेलेली माणसं येतात, आणि त्यातली बरीच म्हणतात, "अहो, इंजिन तर बंद होतं." इंजिन बंद असलं तरी तुंबलेल्या इंपेलरवर पट्ट्याचा ताण शिल्लक असू शकतो. बर्फाची गाठ निघाली की तो ताण सुटतो आणि पातं तेवढ्यात थोडंसं फिरतं. बोटाला तेवढं पुरतं. जाड हातमोजा काही वाचवत नाही, उलट तोच आधी अडकतो.

शीट बसवताना तर आत हात घालावाच लागणार, म्हणून धुराडं मशीनवरून काढून टेबलावर काम करा. ते जमत नसेल तर स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी आणि किल्ली दोन्ही काढा, आणि मगच हात लावा.

शेवटचा_आटा

+१. हे मी आधी लिहायला हवं होतं. धुराडं काढूनच काम करा, बहुतेक मशीनवर तीन-चार नटांचं काम आहे. आणि शिअर बोल्ट मोडला तर तिथे हाताला लागेल तो कडक बोल्ट घालू नका. हे अवांतर आहे, पण धाग्यात जुन्या इंजिनाने विषय काढलाच आहे.

अर्धा_पाना

ज्यांच्याकडे शीट नाही त्यांच्यासाठी गरिबाचा उपाय: निळं प्लास्टिकचं पिंप. ते बहुधा एचडीपीईचं असतं, म्हणजे याच घराण्यातलं, रेणू आखूड. मोठी सोय अशी की ते आधीपासूनच गोल असतं! धुराड्याच्या गोलाईला पिंपाचा तुकडा मऊसूत बसतो. झिजेल लवकर, पण पिंपातून दहा तुकडे निघतात. आत आधी काय भरलेलं होतं ते बघून घ्या आणि धुवा. पीव्हीसी किंवा अॅक्रिलिक मात्र घेऊ नका, कडाक्याच्या थंडीत त्याला एक खडा लागला की तडा जातो. यूएचएमडब्ल्यूची खासियत हीच की थंडीत ते ठिसूळ होत नाही.

बर्फगाडी

पिंपाची कल्पना भारी आहे. वाचनखूण साठवली.

ओल्या बर्फात चालवण्याबद्दल माझा अनुभव: थ्रॉटल पूर्ण, पण बर्फाचा पट्टा अरुंद घ्या. मशीनच्या अर्ध्याच रुंदीत बर्फ घ्यायचा.

जुनं_इंजिन

अर्धवट सहमत. थ्रॉटल पूर्ण, हे बरोबर. पण फार थोडा बर्फ दिलात तर चिखलबर्फ धुराड्यात रेंगाळत, ओघळत राहतो आणि तिथेच बसतो. मी उलट जरा रेटून चालवतो. भरून वाहणारं धुराडं स्वतःला साफ करत जातं. इंजिन दबायला लागलं की तेवढ्यापुरतं हळू.

बर्फगाडी

तुमचं मशीन ताकदवान असणार. माझं रेटलं की रुसतं.

खटपट्या

मंडळी, अहवाल देतो. तीन आठवडे लागले, कारण आधी बर्फच पडेना. शीट लावली की बर्फ पडत नाही, हा नियम कुठेतरी लिहून ठेवा.

धुराडं काढून टेबलावर घेतलं. जुनं इपॉक्सी खरवडताना खाली गंज निघाला, कडांनी पाणी आत गेलं होतं. तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग दिला. शेवटचा आटा यांनी सांगितल्याप्रमाणे खाली चार बोल्ट, मधले दोन पक्के आणि बाजूचे आडव्या लांबट भोकांत. वर दोन सैल. खालची कड रंध्याने इतकी पातळ केली की नख फिरवलं तर पायरी लागत नाही. पहिल्यांदा रंधा नुसता घसरत होता, धार लावल्यावर मात्र मेणासारख्या लांब साली निघाल्या. मजा आली, खरं सांगतो. गरजेपेक्षा जास्तच काढल्या.

पंतांच्या हिशोबाची परीक्षा घ्यायची म्हणून वरच्या कडेला पत्र्यावर पेनाने बारीक रेघ मारून ठेवली होती. गराजमध्ये १८ अंश होते. काल बाहेर उणे १२ ला मशीन तासभर ठेवलं आणि पाहिलं: शीटची कड रेघेच्या दोन मिमी खाली! पंत, शीटची लांबी ४० सेंमीच आहे.

आज ओला बर्फ पडला, घोट्याच्या वर. मशीन आधी अर्धा तास बाहेर ठेवलं. संपूर्ण कामात धुराडं दोनदा तुंबलं, तेही रस्त्याकडेला साचलेल्या चिखलबर्फात. दर दहा पावलांवरून दोनदा! फेक लांब झाली का? फारशी नाही, थोडी असेल. पण काठी घातली की बर्फाचा गट्टा अख्खा निसटून येतो, खरवडावं लागत नाही. यातलं शीटचं श्रेय किती आणि गार पत्र्याचं किती, ते ठरवायला एखाद्या दिवशी मुद्दाम उबदार मशीन काढावं लागेल. तेवढा वैज्ञानिक मी नाही.

वर सैल ठेवल्यामुळे रिकाम्या धुराड्यात शीट थडथडते. आणि तुंबण्याची जागा सरकली. आता वरच्या झडपेपाशी, म्हणजे धुराडं आणि वर-खाली होणारा टोपीसारखा भाग यांच्या बिजागरीशी बर्फ अडतो.

पॉलिमरपंत

दोन मिमी! ३० अंशांच्या फरकाला मापात आहे. रेघ मारून ठेवायचं मला सुचलं नसतं. थडथड बर्फ वाहायला लागला की थांबत असेल तर दुर्लक्ष करा.

शेवटचा_आटा

बिजागरीला वेगळा तुकडा. दीड मिमीची पातळ शीट घ्या, खालची कड धुराड्याच्या शीटच्या आतून नाही, मागून निदान तीन सेंमी जाऊ द्या, म्हणजे पत्रा आणि जुनी शीट यांच्या मधे. छपराची कौलं रचतो त्याच्या उलट क्रम, कारण इथे प्रवाह वर जातो. फक्त वरच्या टोपीला दोन बोल्ट, खालचं टोक मोकळं. टोपी वर-खाली करताना ते टोक आत-बाहेर सरकतं आणि बिजागरीची फट झाकलेली राहते. टोपी पूर्ण खाली आणि पूर्ण वर, दोन्हीकडे करून बघा, टोक जुन्या शीटखालून बाहेर निसटत नाही ना. तुमच्या वरच्या दोन बोल्टांना ते अडणार, म्हणून त्या जागी तुकड्याला दोन उभ्या खाचा पाडा.

खटपट्या

खाचांचं सांगितलंत ते बरं केलं, मी तिथेच अडकलो असतो. उद्या करतो. उरलेली ३ मिमीची शीट फावड्याच्या पात्याला लावली तर?

अर्धा_पाना

लावा, पण पुढची धार मोकळी सोडा. मी धारेपर्यंत लावली होती, खरखरीत काँक्रीटवर आठवड्याभरात झालर झाली.